जोंगा आणि लाल पट्ट्याची बुधली



गेल्या महिन्यात कराडजवळच्या एका गावातून फोन आला. आमच्या एका माजी सैनिक मित्राचा पुतण्या. वय पंचवीस-सव्वीस, ऊस आणि हळदीची शेती. पठ्ठ्याने लिलावातून सुटलेली एक जुनी जोंगा पंजाबातून कुणाकडून तरी विकत आणली होती. म्हणाला, "फौजी काका, गाडी चालू होते, पण दोन किलोमीटर गेलं की ओढतच नाही. आणि थांबून पाहिलं तर चाकं तापलेली. ब्रेक आपोआप लागतात."

मी विचारलं, "ब्रेक ऑइल कुठलं घातलंस?"

"घरात होतं ते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं."

फोन ठेवला आणि बराच वेळ ओसरीत बसून राहिलो. चौतीस वर्षांपूर्वी लडाखमध्ये मी स्वतः जे केलं होतं, तेच या पोराने घरबसल्या केलं होतं. म्हणून आजचा लेख जोंगावर. ज्यांनी ती चालवली त्यांना आठवणी येतील. ज्यांनी नुसती २६ जानेवारीला टीव्हीवर पाहिली त्यांनी थोडा इतिहासही ऐकावा.

जोंगा हे नाव ऐकून पुष्कळांना वाटतं हा कुठलातरी आफ्रिकी किंवा जपानी शब्द असेल. तसं काही नाही. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, म्हणजे तोफांचे गाडे बनवणारा इंग्रजांचा कारखाना. १९६२ नंतर फौज वाढायला लागली, डोंगरात रस्ते व्हायला लागले, आणि त्या रस्त्यांवर माणूस, वायरलेस, दारूगोळा वाहणाऱ्या गाड्या हव्या झाल्या. मोठ्या ट्रकसाठी जर्मनीच्या मानशी आधीच करार झालेला होता, तो आपला शक्तिमान. लहान गाड्यांसाठी जपानच्या निसानकडून परवाना घेतला गेला. त्यातून दोन गाड्या आल्या. एक टनाची 'निसान', जिला आपण सगळे 'वन टन' म्हणायचो, आणि निसान पेट्रोलच्या ६० मालिकेवरून बनलेली जोंगा. (हे पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे, गस्त. पण ती इंधनही एवढं प्यायची की दोन्ही अर्थ बरोबर.) पुढे १९६९ साली जबलपूरलाच व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि या गाड्यांचं तेच घर झालं.

निसान पेट्रोलची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ती १९५१ साली जपानमध्ये तयार झाली, कोरियाच्या लढाईच्या दिवसांत, तिथल्या राखीव पोलीस दलाला जीपसारखी गाडी हवी होती म्हणून. पण त्या दलाने शेवटी विलिजची जीपच घेतली. स्वतःच्या देशात जिला वर्दी मिळाली नाही, ती गाडी आपल्याकडे येऊन तीस-चाळीस वर्षं ऑलिव्ह ग्रीन रंगात फिरली.

आता इंजिन. हा माझ्या आवडीचा विषय आहे, कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, एका ओळीत, ३,९५६ सीसी, पेट्रोलवर चालणारं, ११० हॉर्सपॉवरचं. मी क्राफ्ट्समन म्हणून नवा असताना पिस्टनची मापं पाठ करायला लावायचे. बोअर ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३ मिलिमीटर. ही असली अर्धवट मापं कुणी का ठरवली असतील, हे मला कळेना. आमचे उस्ताद केरळचे होते, हवालदार, दात पानाने लाल. त्यांनी स्टीलची पट्टी उलटी केली आणि इंचाची बाजू दाखवली. साडेचार इंच म्हणजे बरोबर ११४.३ मिलिमीटर. सव्वातीन इंच आणि वर एक अष्टमांश म्हणजे ८५.७. जपान मेट्रिक मापं वापरणारा देश, मग इंजिन इंचात कसं? त्याचं उत्तर मला खूप वर्षांनी वाचायला मिळालं. १९३०च्या दशकात निसानने अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ग्रॅहॅम-पेज या मोटार कंपनीची यंत्रसामग्री विकत घेतली होती. त्यावर जे सहा सिलिंडरचं इंजिन तयार झालं, त्याचाच वंश मोठा होत, व्हॉल्व्ह बाजूचे डोक्यावर जात, जोंगापर्यंत आला. डेट्रॉइटहून योकोहामा, योकोहामाहून जबलपूर. मी चांग ला खिंडीच्या पायथ्याशी ज्या इंजिनाचे टॅपेट लावत होतो, त्याचा आजा अमेरिकन होता.

गाडी म्हणून जोंगा फार गुणी होती असं मी म्हणणार नाही. स्टिअरिंग जड, पुढे-मागे पाटे आणि अख्खे अ‍ॅक्सल, त्यामुळे बसणाऱ्याच्या मणक्याची परीक्षा. आमच्या गाड्या डोंगरात लिटरला तीन किलोमीटर दिल्या तर आम्ही चहा पाजायचो. उन्हाळ्यात बोनेटखाली भट्टी. पण तिच्यातली एकही वस्तू अशी नव्हती की जी उघडता येत नाही. सीबी पॉइंट घासून गॅप लावा, कार्बोरेटर उघडून जेट फुंका, फ्युएल पंपाचा पडदा बदला, नकलचं सील बदला. चार रिंग पाने, एक गोटी सेट, पकड, फीलर गेज आणि फडकं एवढ्यावर एक मेकॅनिक तिचं निम्मं आयुष्य सांभाळू शकत होता. आजच्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो. त्यात वाईट काही नाही, पण १५ हजार फुटांवर लॅपटॉपची बॅटरी आधी मरते.

हे सांभाळण्याचं काम आमच्या ईएमईचं. १९४२ साली ब्रिटिश फौजेत दुरुस्तीसाठी वेगळी कोअर झाली आणि १५ ऑक्टोबर १९४३ ला आपल्याकडे. त्याआधी दुरुस्ती वेगवेगळ्या खात्यांत विभागलेली होती आणि बंद पडलेल्या गाडीला बाप नव्हता. नव्या पद्धतीत प्रत्येक युनिटजवळ एक लहान तुकडी, एलएडी, आणि तिच्यामागे फील्ड, मग मोठी वर्कशॉपं, शेवटी बेस वर्कशॉप, जिथे गाडी पूर्ण खोलून पुन्हा उभी होते. ड्रायव्हरचंही काम ठरलेलं. सकाळी निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की चाकांना हात लावून पाहायचं, संध्याकाळी लास्ट परेड. चाकाला हात लावणं ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९९१ सालचा सप्टेंबर. मी लान्स नायक होतो आणि आमची एलएडी टांगत्सेच्या बाजूला होती. सप्टेंबरमध्ये तिकडे सगळ्यांची एकच घाई, हिवाळ्याआधी गाड्या तयार करणं. रात्री पाणी गोठायला लागलेलं. आमच्या शेडमध्ये तेलाच्या बुधल्या एका फळीवर ओळीने ठेवलेल्या असत. त्यातल्या एकीला उस्तादांनी लाल पट्टा मारलेला. ती फक्त ब्रेक ऑइलची. तिच्यात दुसरं काही घालायचं नाही, ती दुसऱ्या कामाला वापरायची नाही, फडक्याने पुसायचीही नाही. नव्या मुलाला पहिल्या दिवशी उस्ताद तीच बुधली हातात देऊन सांगायचे, "ये तेरी माँ है। बाकी सब रिश्तेदार।"

त्या संध्याकाळी तीन जोंगांचे ब्रेक करायचे होते. लाल पट्ट्याची बुधली सापडेना. कुणीतरी दुसऱ्या शेडमध्ये नेली असेल. बाहेर वारा सुटला होता, बोटं बधिर, लंगरची शिट्टी होऊन गेलेली. मी इंजिन ऑइलची एक बुधली घेतली, उलटी करून निथळली, फडक्याने आतून पुसली, ब्रेक ऑइल ओतलं आणि तिन्ही गाड्यांचे मास्टर सिलिंडर भरले. एअर काढली. पेडल दगडासारखं घट्ट. तिन्ही जॉब कार्डांवर सही केली आणि जेवायला गेलो.

यात काय चूक आहे ते ब्रेकचं काम न केलेल्यांना सांगतो. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. ते जमिनीतलं तेल नव्हे, ग्लायकॉलचं असतं, पाण्यात मिसळतं. ब्रेकच्या आतली रबरं त्याच्याशी जमवून घेणारी बनवलेली असतात. त्यांना इंजिन ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ती फुगतात. लगेच नाही, हळूहळू, काही दिवसांत. मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईएवढं भोक असतं. पेडल सोडलं की चाकांकडून परतलेलं ऑइल त्यातून टाकीत जातं. रबर फुगलं की ते भोक झाकलं जातं. मग ऑइल परत जात नाही, पाइपात दाब राहतो, आणि पाय पेडलवर नसतानाही लायनर ड्रमला घासत राहतात.

सहा-सात दिवसांनी त्यातली एक जोंगा लेहला निघाली. ड्रायव्हर हरियाणाचा, मी सुटे भाग आणायला, आणि मागे दोन गढवाली जवान, रजेवर निघालेले, आपापल्या काळ्या ट्रंका घेऊन. दुरबुक सोडलं आणि चढ लागला. गाडी ओढेना. ड्रायव्हर म्हणाला, "हाइट है।" मी पण म्हणालो, हाइट आहे. खोटंही नव्हतं. चांग ला १७ हजार फुटांपेक्षा उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासा वर. ११० घोड्यांपैकी तिथे साठेकच जागे असतात, कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतो, प्लग काळे होतात. प्रत्येक गाडी तिथे रडते. त्यामुळे आमच्या गाडीचं रडणं वेगळं आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खिंडीत थांबलो, चहा प्यायलो. चाकाला हात लावला असता तर पोळला असता. आम्ही कुणीच हात लावला नाही. थंडी होती, हात खिशात होते.

उतार सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ड्रायव्हरने पाय दाबला तर पेडल थेट फळीला. तापलेल्या ड्रमांनी व्हील सिलिंडरातलं ऑइल उकळवलं होतं. द्रव दाबता येत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. एक गेलं की चारही चाकं गेली.

ड्रायव्हर काही बोलला नाही. त्याने डबल क्लच मारून सेकंडमधून फर्स्टमध्ये गिअर ओढला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. जोंगाचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, आणि तो तारेचा आणि दांड्यांचा, त्याचा ऑइलशी संबंध नाही. तो मी ओढायला लागलो. एकदम ओढला तर लायनर जळतो नाहीतर शाफ्टला झटका बसतो, म्हणून ओढ, सोड, ओढ. जळका वास आला. उजव्या हाताला दरी, डाव्या हाताला कापलेला डोंगर आणि त्याच्या पायाशी गटार. ड्रायव्हरने डावं चाक गटारात घातलं आणि मडगार्ड दगडाला घासत गाडी थांबवली. थांबली तरी सरकतेय असं वाटत होतं. मागचा एक जवान उडी मारून उतरला आणि जवळ दगड दिसेना म्हणून त्याने आपली ट्रंकच चाकाखाली सरकवली. आत घरच्यांसाठी काय काय घेतलं होतं कुणास ठाऊक.

मी बोनेट उघडलं. मास्टर सिलिंडरचा पाइप जोडतो तो नट अर्धा आटा सैल केला आणि ऑइल पिचकारीसारखं उडालं. म्हणजे दाब आत कोंडलेला. तेव्हाच मला सगळं कळलं. तरी खात्री करायची म्हणून मगात पाणी घेऊन त्यात चार थेंब टाकले. चांगलं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. या पाण्यावर तेलाची चकती तरंगत होती, कडेने इंद्रधनुष्य.

तासभर ड्रम निवू दिले. मग लो रेंज, फर्स्ट गिअर, फोर बाय फोर, आणि दर एक-दोन वळणांनी नट सैल करून दाब सोडायचा, अशी झिंगरालपर्यंत उतरवली. तिथून एका शक्तिमानने आम्हाला टो करून सक्तीच्या खाली कारूला पोचवलं. रजेवरचे दोघे दुसऱ्या गाडीने गेले. जाताना एकाने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "उस्ताद, आपने बचा लिया।" ते वाक्य मी आजपर्यंत घरी कुणाला सांगितलेलं नाही.

परत आलो तेव्हा गाडी व्हीओआर होऊन शेडमध्ये उभी होती. वर्क ऑर्डरवर दोषाचं कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'मास्टर सिलिंडरचे रबर खराब.' लिहिलेलं खरं होतं. उस्तादांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "खराब हुआ, या खराब किया?"

मला वाटतं मी दोन मिनिटं गप्प उभा होतो. डोक्यात हिशेब चालला होता. नायकची फीत येणार होती, दिवाळीची रजा मंजूर झाली होती. उस्तादांना सगळं माहीत आहे की नुसता अंदाज आहे, हेही कळेना. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं होतं. मी पहिली ओळ खोडली आणि लिहिलं, 'ब्रेक ऑइलसाठी इंजिन ऑइलचे माप वापरले. खनिज तेल मिसळून रबर फुगले.' तारीख, नंबर, सही.

त्या ओळीमुळे पुढची गोष्ट झाली. 'रबर खराब' एवढंच असतं तर एक गाडी दुरुस्त झाली असती आणि विषय संपला असता. कारण लिहिल्यामुळे उस्तादांनी त्याच आठवड्याचं रजिस्टर काढलं आणि माझ्या सहीच्या बाकीच्या दोन्ही जोंगा जागच्या जागी थांबवल्या. एक दुसऱ्या दिवशी पेशंट घेऊन निघणार होती, लाल क्रॉसवाली. तिचा मास्टर सिलिंडर मीच खोलला. रबर बोटाने दाबलं तर स्पंजासारखं, कडा बाहेर वळलेल्या. अजून दोन-चार चढ, की तेच.

तिन्ही गाड्यांची सगळी रबरं बदलली, पाइप स्पिरिटने धुतले. एकदा खनिज तेल आत गेलं की अर्धं रबर बदलून चालत नाही, होजच्या आतल्या अस्तरापर्यंत ते जातं. रबरांचे किट यायला वेळ लागला तोवर तिन्ही गाड्या लाकडाच्या ठोकळ्यांवर उभ्या. माझी रजा पुढे गेली, दिवाळी तिथेच झाली. फीत आली, पण सहा महिने उशिरा. लाल पट्ट्याची बुधली बॅटरीच्या पेटीमागे पडलेली सापडली.

जोंगाचे दिवसही मग हळूहळू भरत आले. १९९०च्या दशकात हलक्या कामांना मारुती जिप्सी आली, कमी पिणारी आणि वजनाला हलकी. जबलपूरने डिझेल इंजिन घालून नागरी ग्राहकांसाठीही जोंगा काढून पाहिली, पण ती फारशी चालली नाही. १९९९ मध्ये उत्पादन थांबलं. युनिटांमधल्या गाड्या त्यानंतरही वर्षानुवर्षं चालल्या, कारण त्यांना चालवत ठेवणारे लोक होते. एक गाडी बीईआर ठरली की तिच्या अंगावरचा डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, पाटे दुसऱ्या तीन गाड्यांत जायचे. कागदावर ते कसं बसवायचं ही वेगळी कला, तिच्यावर लिहिणार नाही. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक जोंगा घेतली आणि तिचे फोटो गाजले, तेव्हापासून लिलावातल्या जुन्या जोंगांकडे तरुण पोरांचं लक्ष गेलं. जबलपूरची फॅक्टरी २०२१ पासून नव्या सरकारी कंपनीखाली आहे.

कराडच्या पोराकडे मी एसटीने गेलो. गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. रंग तीनदा मारलेला, पण बंपरच्या आतल्या बाजूला जुना फॉर्मेशन साइन अजून पुसट दिसतो. कुठला ते सांगत नाही. त्याला म्हटलं, स्वयंपाकघरातून पेला आण पाण्याचा. मास्टर सिलिंडरमधले चार थेंब टाकले. वर चकती. तो म्हणाला, "एवढंच ना? ऑइल बदलू."

"सगळी रबरं बदलायची. चारही चाकांची. होजसुद्धा."

"काका, खर्च किती होईल? त्यापेक्षा डिझेल इंजिन आणि डिस्क ब्रेकच टाकतो ना."

इंजिनाचं मी त्याला साडेचार इंचाचं सांगितलं, डेट्रॉइटचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पटलं का ते माहीत नाही, गाडी त्याची आहे. ब्रेकबाबत मात्र मी चावी खिशात घातली आणि म्हणालो, रबरं येईपर्यंत ही माझ्याकडे. पोराची आई ओट्यावरून हसली.

मागच्या रविवारी किट आलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची. तो पेडल मारत होता, मी निपल सैल करून बाटलीतले बुडबुडे बघत होतो. बाटली नवी होती. येताना मी घरून ऑइल पेंटचा लहान डबा नेला होता, लाल. त्याने विचारलं, हे कशाला? मी ब्रश त्याच्या हातात दिला.